बाइकला बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवताय? आधी ते सुटतं कसं ते विचारा

ऑगस्ट २०२५मध्ये हीरोने ग्लॅमर एक्स ही १२५ सीसीची बाइक आणली आणि तिच्यात क्रूझ कंट्रोल, म्हणजे मूठ धरून न ठेवता गाडी ठरलेल्या वेगाने चालवणारी सोय, दिलं. त्याआधी २०२३मध्ये टीव्हीएसने अपाचे आरटीआर ३१०ला ते दिलं होतं, काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही ते आलं होतं. पण रोज ऑफिसला आणि बाजाराला जायच्या सव्वाशे सीसीच्या गाडीत हे बटण येईल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. साहजिकच ज्यांनी त्याआधी दोन-चार लाख मोजून रॉयल एनफिल्डची हिमालयन किंवा सुपर मीटिअर घेतली, त्यांना आता चुटपुट लागली आहे. शेजाऱ्याच्या छोट्या गाडीला आहे, मग माझ्या गाडीला का नाही? आणि नसेल तर बाहेरून बसवता येईल का?

सोलापुरात हा प्रश्न जरा जास्तच पडतो. पुण्याला जायचं तर अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर, विजापूर शंभराच्या आसपास, आणि तुळजापूरचा घाट सोडला तर सगळा माळ. मोहोळ मागे पडलं की तास-तासभर उजव्या हाताला काम एकच, कान, म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ, पिळून धरायचा आणि धरूनच ठेवायचा. टेंभुर्णी येईपर्यंत अंगठा बधिर होतो, भिगवणला चहाचा ग्लास हातात घेताना बोटं नीट मिटत नाहीत. हे दुखणं ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

बाहेरून क्रूझ कंट्रोल बसतं. पण त्या नावाखाली दोनशे रुपयांच्या प्लास्टिकपासून परदेशी किटपर्यंत काहीही विकलं जातं, आणि जाहिरात बहुतेक एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे वेग किती पक्का धरला जातो. मला त्यात फारसा रस नाही. वेग धरणं हे या यंत्राचं सोपं काम आहे. नको त्या क्षणी ते किती वाटांनी आणि किती लवकर सोडतं, यावर त्याची खरी किंमत ठरते.

हात का दुखतो

उजव्या हाताची मूठ फिरवली की इंजिनकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतली एक चकती उघडते. जास्त हवा, तिच्या प्रमाणात जास्त पेट्रोल, जास्त ताकद. या चकतीच्या झडपेला थ्रॉटल म्हणतात. तिला एक स्प्रिंग असते आणि ती सतत थ्रॉटल मिटवायला बघत असते. ही स्प्रिंग मुद्दाम ठेवलेली आहे. माणूस पडला, हात सुटला, तर इंजिनाने आपोआप शांत व्हावं म्हणून.

म्हणजे सरळ रस्त्यावर आपण तासन् तास एका सुरक्षेच्या स्प्रिंगशी झुंजत असतो. जोर फार लागत नाही, पण तो अखंड लागतो. त्यात हँडलची थरथर, आणि तळहातातून बोटांकडे जाणाऱ्या नसांवर मुठीचा दाब. एक सिलिंडरच्या गाडीत हे जास्तच जाणवतं. मूठ गच्च आवळून चालवणाऱ्यांनी ती आधी सैल करून बघावी. निम्मं दुखणं तिथेच कमी होतं आणि पैसे वाचतात.

कूलर आणि एसी

क्रूझ कंट्रोल म्हणून जे विकलं जातं, त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. हा फरक सोलापूरकराला मे महिन्यात समजावणं सोपं आहे. कूलरचा रेग्युलेटर तीनवर ठेवला की तो तीनवरच राहतो. बाहेर बेचाळीस अंश असोत नाहीतर रात्री पाऊस पडून गारवा येवो, पंखा त्याच जोराने फिरणार. खोली किती तापली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एसीला मात्र पंचवीस अंश सांगितले की तो खोलीचं तापमान मोजत राहतो आणि आपलं काम कमी-जास्त करतो.

थ्रॉटल लॉक हा कूलर आहे. मुठीवर बसणारी ही एक चिमट्यासारखी कडी असते. बटण दाबलं की ती मूठ आहे तिथे घर्षणाने धरून ठेवते. अमेरिकेतला ॲटलस, दक्षिण आफ्रिकेतला काओको ही त्यातली नावाजलेली नावं, आणि त्यांच्या नकला ढिगाने मिळतात. मूठ धरली जाते, वेग धरला जात नाही. उड्डाणपुलाचा चढ आला की गाडी मंदावते, उतार लागला की पळत सुटते.

याच जातीतला सगळ्यात स्वस्त भाऊ म्हणजे थ्रॉटल असिस्ट. मुठीवर अडकवायची प्लास्टिकची पट्टी, जिच्यावर तळहात टेकवला की बोटं मोकळी होतात. दोन-तीनशे रुपयांत मिळते. ती काहीच धरून ठेवत नाही, फक्त पकड सोपी करते. हात उचलला की थ्रॉटल मिटतो, म्हणून मला ती मनापासून आवडते. फक्त गावात शिरताना ती फिरवून बाजूला करायची. नवी पेठेच्या गर्दीत यू-टर्न घेताना तळहाताचा चुकून धक्का लागला तर गाडी पुढच्याच्या अंगावर जाईल.

खरं क्रूझ कंट्रोल म्हणजे एसी. ते वेग मोजतं आणि थ्रॉटल स्वतः हलवतं. इथून पुढे ‘क्रूझ’ म्हटलं की हाच प्रकार समजायचा.

वेग मोजायचा, तुलना करायची, थोडं हलवायचं

ही कल्पना जुनी आहे. राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरला १९५०मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि १९५८पासून क्रायस्लरच्या मोटारींत ती आली. टीटर लहानपणापासून अंध होते. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी व्हायचा आणि ऐकू लागले की वाढायचा, त्या हिसक्यांना वैतागून त्यांना ही युक्ती सुचली असं सांगतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला वेगातला चढउतार इतरांपेक्षा जास्त जाणवावा, हे पटण्यासारखं आहे.

आतलं काम असं चालतं. तुम्ही ताशी ८० किलोमीटरवर ‘सेट’ दाबता. पेटीतला छोटा संगणक हा आकडा लक्षात ठेवतो. चाकावरचा सेन्सर खरा वेग सांगत राहतो. ७८ झाले तर थ्रॉटल थोडा उघड, ८२ झाले तर थोडा मीट. एवढंच.

गोम ‘थोडा’ या शब्दात आहे. किती थोडा? फरक दिसताच एकदम जास्त उघडला तर गाडी ८४ला जाईल, मग घाबरून मिटेल, ७६ला येईल, आणि स्वार झुल्यावर बसल्यासारखा पुढे-मागे होत राहील. म्हणून चांगला संगणक तीन गोष्टी बघतो. आत्ता फरक किती आहे, तो किती वेळापासून टिकून आहे, आणि तो वाढतोय की घटतोय. यांचं प्रमाण त्या त्या गाडीच्या वजनाला आणि इंजिनाला जुळवावं लागतं. ‘कुठल्याही बाइकला चालेल’ असं लिहिलेल्या डब्याकडे संशयाने बघायचं ते याचसाठी.

वाऱ्याचा हिशेबही ध्यानात ठेवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. बिनवाऱ्याच्या दिवशी ८०ने जाताना जो रोध असतो, त्याच वेगाला समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आला की तो दीडपटीहून जास्त होतो. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटलेला असताना पुण्याकडे निघालात तर इंजिनाला हेच सोसावं लागतं. थ्रॉटल लॉक लावलेल्याला दर झोताबरोबर वेग पडलेला दिसेल. क्रूझवाल्याला काही जाणवणारही नाही, कारण थ्रॉटल आपोआप जास्त उघडलेला असेल.

तुमची गाडी केबलची की वायरची?

किट निवडण्याआधी गॅरेजच्या उजेडात मुठीच्या बुडाशी बघा. तिथून जाड काळ्या केबल निघत असतील, बहुतेक वेळा दोन, तर तुमच्या हाताने थ्रॉटल थेट खेचला जातो. एक केबल उघडायला, दुसरी मिटवायला. जुनी ४११ सीसीची हिमालयन, इंटरसेप्टर ६५०, सुपर मीटिअर ६५०, सुरुवातीच्या डॉमिनार ४०० या सगळ्या केबलच्या.

केबल नसून बारीक वायरींचा झुबका असेल तर ती राइड-बाय-वायर गाडी. तिच्यात मूठ म्हणजे फक्त एक सेन्सर. हात किती फिरला ते तो इंजिनाच्या संगणकाला सांगतो आणि संगणक छोट्या मोटरने थ्रॉटल उघडतो. या संगणकाला ईसीयू म्हणतात. हिमालयन ४५०, २०१७पासूनची केटीएम ३९० ड्यूक, ३९० ॲडव्हेंचर आणि २०२५ची डॉमिनार ४०० या जातीच्या. ग्लॅमर एक्सला क्रूझ देणं हीरोला शक्य झालं तेही तिच्यात ही व्यवस्था असल्यामुळे. थ्रॉटल हलवणारी मोटर आधीच बसलेली असली की क्रूझसाठी मुख्यतः बटण आणि सॉफ्टवेअर लागतं.

केबलच्या गाडीत काय काय बसवावं लागतं

इथे थ्रॉटल खेचायला दुसरा हात हवा. त्या यांत्रिक हाताला ॲक्च्युएटर म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो.

जुना प्रकार इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतो. एका डब्यात रबरी पडदा, ओढीने तो आत जातो आणि केबल खेचतो. अमेरिकेत गोल्डविंगसारख्या मोठ्या गाड्यांना मोटारीचे असे संच लावायची पद्धत बरीच वर्षं होती. आपल्याकडच्या एक सिलिंडरच्या गाड्यांना हे जमणं कठीण, कारण त्यांची ओढ धडक्या-धडक्यांनी येते. शिवाय चढावर थ्रॉटल जास्त उघडला की ओढ कमी होते, म्हणजे जोर हवा तेव्हाच ॲक्च्युएटर ढिला पडतो. वेगळी हवाबंद टाकी जोडून हे थोडं सावरता येतं.

नवा प्रकार विजेच्या मोटरचा. ऑस्ट्रेलियातली एमसीक्रूझ ही कंपनी अशीच किट बनवते, तीही एकेका मॉडेलसाठी वेगळी. मुठीकडून आलेली केबल आणि ॲक्च्युएटरची केबल एका जोडपेटीत एकत्र येतात आणि तिथून पुढे थ्रॉटलला जातात. जो जास्त खेचेल त्याचं चालतं. त्यामुळे क्रूझ चालू असतानाही ओव्हरटेक करायला हाताने कान पिळता येतो आणि सोडला की गाडी ठरलेल्या वेगाला परत येते.

पण याच रचनेत एक मेख आहे. ॲक्च्युएटरने थ्रॉटल धरून ठेवला असेल तर मूठ मागे फिरवून तो मिटेल का? हे मिटवायची केबल कशी जोडली आहे त्यावर अवलंबून आहे. घाबरल्यावर आपला हात पहिल्यांदा हेच करतो. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न: मूठ उलटी फिरवली की क्रूझ सुटतं का?

वेगासाठी चाकाजवळ सेन्सर लागतो, बऱ्याचदा डिस्कच्या बोल्टवर चिकटवलेले लोहचुंबक आणि शेजारी ते मोजणारा डोळा. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर ८०च्या वेगाला चाक सेकंदाला अकरा वेळा फिरतं. एकच चुंबक असेल तर संगणकाला सेकंदाला अकराच ठोके मिळतात. चार लावले तर चव्वेचाळीस, आणि वेग तेवढा बारकाईने धरता येतो.

वायरच्या गाडीत काम सोपं, जोखीम निराळी

राइड-बाय-वायर गाडीला ना जोडपेटी लागते ना वेगळी मोटर. किट मुठीचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये जाऊन बसतं. तुम्ही मूठ सोडलेली असते, पण किट ईसीयूला सांगतं की मूठ एवढी फिरवलेली आहे. ईसीयू विश्वास ठेवून थ्रॉटल उघडतो.

ही थाप नीट मारावी लागते. मुठीत सहसा दोन सेन्सर असतात आणि ते वेगवेगळा व्होल्टेज देतात. ईसीयू दोन्ही ताडून बघतो. जुळले नाहीत तर काहीतरी बिघडलंय असं समजून पिवळा दिवा लावतो आणि गाडीची ताकद मर्यादित करतो, म्हणजे कसंबसं घरी पोचता येईल एवढीच ठेवतो. किट दर्जेदार असेल तर दोन्ही आकडे बरोबर जुळतात. नसेल तर उमरग्याच्या पुढे कुठेतरी भर उन्हात गाडी एकदम रडत चालायला लागेल.

या गाड्यांसाठी एकच नियम मी धरला असता. गाडीच्या मूळ वायरी न कापता, कंपनीच्याच कनेक्टरमध्ये घुसणारं किट. काढलं की गाडी होती तशी. वायर सोलून, पीळ मारून टेप गुंडाळायची असेल तर नकोच.

सोडायच्या वाटा

आता मूळ मुद्दा. ८०च्या वेगाला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. समोर कुत्रं आलं, तर पहिल्या अर्ध्या सेकंदात क्रूझ सुटलेलं असलं पाहिजे.

पहिली वाट ब्रेकची. दोन्ही ब्रेकला एकेक स्विच असतो, मागचा लाल दिवा त्यानेच लागतो. क्रूझ तिथूनच इशारा घेतं. चांगल्या किटमध्ये हा इशारा नुसता संगणकाला जात नाही. ॲक्च्युएटरमध्ये वीज असेपर्यंतच पकड धरणारा एक विद्युतचुंबकी क्लच असतो आणि ब्रेक दाबताच त्याचा वीजपुरवठाच तुटतो. संगणक गोठला, प्रोग्राम अडकला, काहीही झालं तरी वीज गेली की पकड सुटते आणि ती जुनी स्प्रिंग थ्रॉटल मिटवते. बिघडलं तर बंद होण्याच्या बाजूला बिघडावं, अशी ही रचना आहे.

मात्र सगळी भिस्त त्या नखाएवढ्या स्विचवर. आपल्याकडे उन्हाळ्याची धूळ, मग पाऊस, मग वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप. पुढच्या ब्रेकचा स्विच अडकलेला आणि मालकाला पत्ता नाही अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर असतात. इतके दिवस नुकसान फक्त मागच्याला दिवा न दिसण्याचं होतं. क्रूझ बसवल्यावर त्याच स्विचवर तुमचं सुटणं अवलंबून राहतं.

जुन्या धाटणीच्या किटमध्ये आणखी एक भानगड आहे. ते ब्रेकच्या बल्बमधून जमिनीची (अर्थिंगची) वाट शोधतात. आता सगळीकडे एलईडी दिवे, आणि एलईडीतून ही वाट साध्या बल्बसारखी मिळत नाही. मग मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, घालावा लागतो. फिटरला हे माहीत नसेल तर तो दिवसभर किटलाच शिव्या घालत बसेल.

दुसरी वाट क्लचची. क्रूझ चालू असताना क्लच दाबला तर इंजिनावरचा भार जातो, वेग पडू लागतो, आणि संगणक तो भरून काढायला थ्रॉटल आणखी उघडतो. इंजिन किंचाळतं. म्हणून क्लचचा स्विच जोडलेला हवा, नाहीतर इंजिनाचे फेरे अचानक वाढले तर सोडून द्यायचं हे तरी संगणकाला कळायला हवं. दोन्ही असतील तर उत्तम. पावसात मागचं चाक घसरून नुसतं फिरू लागलं तर हाच फेऱ्यांचा पहारा कामी येतो. विशेषतः वेगाचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर, कारण पुढच्या चाकाला मागच्याचं घसरणं कळतच नाही.

तिसरी वाट सेन्सर मेला तर. चुंबक पडला तर संगणकाला वेग शून्य दिसतो. अडाणी संगणक म्हणेल, अरे गाडी थांबली, उघड थ्रॉटल. शहाणा संगणक म्हणेल, ८०वरून शून्य एका क्षणात होत नाही, काहीतरी तुटलंय, सोड. आपल्या किटमध्ये कोणता आहे हे माहितीपुस्तिकेत नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्या.

थ्रॉटल लॉकला यातली एकही वाट नाही. ब्रेक दाबला तरी त्याची पकड तशीच, आणि इंजिन ब्रेकशी भांडत राहतं. घर्षणाचा लॉक हाताने जोर लावून मागे फिरवता येतो, पण ते तुम्हाला स्वतःला सुचावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर हात झटकण्यापुरता तो ठीक आहे. त्याला क्रूझ म्हणून विकणं मात्र फसवणूक आहे.

‘पण आपल्या रस्त्यांवर हे वापरणार कुठे?’

रास्त शंका. दुभाजकातल्या फटीतून अचानक वळणारा टेम्पो, उलट्या बाजूने शांतपणे येणारी मोटारसायकल, आणि गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ज्यांना मागे दिवा असेलच असं नाही. क्रूझला यातलं काहीच दिसत नाही. समोरच्याला बघून वेग कमी करणारं रडार डुकाटीने २०२०मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही४ला दिलं. आपण बोलतोय त्या किटमध्ये तसलं काही नसतं.

तेव्हा मुंबईच्या एखाद्या रीलमध्ये दाखवतात तसं दोन्ही हात मांडीवर ठेवून पुणे गाठायचं डोक्यातून काढा. आपल्याकडे क्रूझचा उपयोग पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. सकाळचा मोकळा रस्ता, चौपदरी, समोर स्वच्छ दिसतंय, मग सेट करा, मनगट फिरवा, बोटं हलवा, आणि हात पुन्हा मुठीवर. पुढे गाव दिसलं, टोल नाक्याआधीचे पट्टे आले, की ब्रेकला स्पर्श करून सोडून द्या. हंगामात रात्री वापरूच नका. पावसातही नको.

एक फायदा मात्र सरळ खिशाचा आहे. केंद्राने २०१८मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटर, इतर रस्त्यांवर ६०, आणि जागोजागी पाटीवर याहून कमी. मोकळ्या रस्त्यावर आपण कधी ९५ला पोचलो ते कळत नाही, कळतं ते ई-चलान आल्यावर. ७८वर सेट केलेली गाडी ७८लाच राहते.

‘झोप लागेल ना मग?’

लागू शकते. हाताचं काम गेलं की मेंदूचंही थोडं जातं. जेवण झाल्यावर, चाळिशीपार उन्हात, सरळ रस्त्यावर डोळे जड होतात ते क्रूझ नसतानाही होतात. असल्यावर जास्तच. पेंगुळल्यावर क्रूझ बंद करणं हा उपाय नव्हे, गाडी बाजूला घेऊन झाडाखाली आडवं होणं हा आहे.

‘मायलेज वाढतं म्हणे’

सपाट रस्त्यावर, उगाच वेग वर-खाली करणाऱ्याचं थोडं वाढेल. चढावर उलट होतं, कारण क्रूझ ठरलेला वेग टिकवायला थ्रॉटल आणखी उघडतं, तिथे जाणता चालक पाच-सात किलोमीटर पडू देतो. मायलेजच हवं असेल तर १००चा ८०वर या. हवेशी लढायला लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते. त्यासाठी किट लागत नाही.

‘आरटीओ, विमा, वॉरंटी?’

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हे ठासून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. क्रूझने इंजिन, चासी, इंधन, आसनं यातलं नोंदणीत लिहिलेलं काही बदलत नाही, त्यामुळे सायलेन्सर बदलण्याइतकं ते डोळ्यांवर येणार नाही. तरी विमा कंपनीला लेखी कळवा. बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांची पॉलिसीत वेगळी नोंद करता येते. अपघातानंतर सर्व्हेअरला न सांगितलेली पेटी सापडण्यापेक्षा ते बरं.

वॉरंटीचं उत्तर कमी गोड आहे. गाडी वॉरंटीत असेल आणि वायरिंगला हात लावला असेल, तर पुढच्या कुठल्याही विजेच्या तक्रारीला बोट त्या किटकडेच दाखवलं जाणार. मी तरी वॉरंटी संपेपर्यंत थ्रॉटल असिस्टवर भागवेन.

‘आमचा मिस्त्री बसवून देतो म्हणतोय’

सोलापुरात ‘होऊन जाईल मालक’ असं न म्हणणारा मिस्त्री मला अजून भेटायचाय. यांत्रिक कामात आपल्याकडच्या हातांना तोड नाही, इंजिन उघडून बसवतील. प्रश्न वायरिंगचा आणि सबुरीचा आहे. परदेशी किट आयात शुल्कासह पाच आकडी रकमेत जातं. ते एका दुपारी उरकण्याचं काम नाही. टाकी उतरवावी लागते, ॲक्च्युएटर सायलेन्सरच्या धगीपासून लांब ठेवावा लागतो, केबलला तीव्र बाक येता कामा नये, पेटी पाण्यापासून वाचवावी लागते. केबलमध्ये दोन-तीन मिलिमीटरची ढील ठेवावीच लागते आणि चेन सैल असेल तर आधी ताणून घ्यावी लागते, नाहीतर क्रूझ झुलत राहील.

गाडी ताब्यात घेताना तिथेच, इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज जरासुद्धा वाढला तर केबल ताणली जातेय. गाडी घेऊ नका, परत बसवायला सांगा. मग नुसती चावी लावून पुढचा ब्रेक हळूच दाबा, मागचा हळूच दाबा, दर वेळी मागचा दिवा लागतोय ते दुसऱ्याला बघायला सांगा. लिव्हर निम्मं आल्यावर दिवा लागत असेल तर स्विच बदलून घ्या.

त्यानंतर सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर, ६०च्या आत. सेट करा आणि पुढच्या ब्रेकला बोटाने नुसता स्पर्श करा. सुटलं? परत सेट, आता मागचा. परत सेट, क्लच. परत सेट, मूठ उलटी. परत सेट, क्रूझचं स्वतःचं बटण. प्रत्येक वाट दोन-तीनदा करून बघा, आणि शेवटी क्रूझ चालू असतानाच किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण, दाबा, म्हणजे हाताला ती जागाही कळेल. यातली एक जरी वाट बंद निघाली, तर किटचा फ्यूज तिथेच काढा आणि गाडी हाताने कान पिळत गॅरेजला परत न्या.